भात्याचा श्वास

पहिल्यांदा मला वाटलं माझ्याच कानाला काहीतरी झालंय. दुपारची वेळ, पोटात जेवण, थंडगार अंधारी खोली, मऊ खुर्ची. माणसाचा डोळा लागतो आणि अर्धवट झोपेत घरचे आवाज येतात, तसं असेल म्हटलं. पडद्यावर तळघर होतं. ओल आलेल्या भिंती, वर कुठंतरी लढाई चाललेली, दर धमाक्याला छताची माती गळतेय, आणि एक कोवळा शिपाई हातात कंदील धरून पायऱ्या उतरतोय. त्याला माहीत नाही, पण आपल्याला माहीत असतं, की खाली एक वेडा डॉक्टर मेलेले शिपाई आणि मोडकी यंत्रं एकमेकांना जोडत बसलाय. एकाच्या हाताच्या जागी शिवणयंत्र, एकाला पायांऐवजी तोफेची चाकं. त्यांच्यातला सगळ्यात मोठा अजून दिसला नव्हता. त्याची छाती फोडून आत लोहाराचा भाता बसवलेला. सिनेमावाले त्याला भात्याच म्हणायचे. शिपाई थांबला, कंदील हलला, आणि अंधारातून श्वास आला. आधी बारीक शिट्टी, किटली तापायला लागल्यावर येते तशी. मग थांबला. इतका थांबला की वाटावं, संपलं आता. मग बेंबीच्या देठापासून घरघर, दगड भरलेलं पोतं कुणी जिन्यावरून ओढत आणतंय तशी, आणि शेवटाला घशात एक टिचकी. खट.

तो माझा बाप होता.

बाप म्हणजे बापासारखा कुणी नव्हे. माझाच. ज्याला जाऊन वर्ष होत आलं, ज्याला मी स्वतः खांदा दिला, तो त्या तळघरात उभा राहून श्वास घेत होता आणि पुढच्या रांगेतला एक जण मक्याच्या लाह्या तोंडात टाकायच्या थांबला होता. माझे हात गार पडले. खोटं नाही सांगत, बोटांची टोकं बधिर झाली. मी लिफ्टदुरुस्तीचं काम करतो, सगळी हयात इमारतींच्या त्या उभ्या विहिरींत गेली. दोर तुटता तुटता राहिलाय, एकदा पायाखालची फळी सरकलीय, पण तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. फळी सरकली की हात आपोआप कशाला तरी धरतात. इथं धरायचं काय? खुर्चीचा दांडा धरला तर तो मऊ. बाजूला आई बसली होती. मी मान न वळवता नुसते डोळे तिच्याकडे नेले. पडद्याचा निळा उजेड तिच्या तोंडावर होता आणि ती पडद्याकडे अशी बघत होती, जशी ती गॅसवरच्या दुधाकडे बघते. घाबरलेली नाही, कंटाळलेली नाही. मी स्वतःला म्हटलं, तिला कळलं नाही. देवा, तिला कळू देऊ नकोस. पण ही बाई शेजारच्या घरात कपाट उघडलं तरी सांगते की बिजागरीला तेल हवंय. तिला कळलं नाही असं मी कुणाला समजावत होतो?

आम्ही आलो होतो धाकट्याच्या कौतुकाला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, सिनेमाच्या आवाजाचं काम करतो. आजवर दुसऱ्याच्या हाताखाली वायरी गुंडाळल्या, हा पहिला सिनेमा त्याच्या एकट्याच्या जबाबदारीवर. बाहेर लागायच्या आधी कंपनी आपल्याच माणसांना दाखवते, तसा हा खेळ. घरी येऊन म्हणाला, "आई, तू येऊ नकोस, भुतांचा आहे, तुला नाही आवडायचा." आई म्हणाली, "तुझं बारसं झाल्यापासून तुझा आवाज ऐकतेय, त्याहून काय भयंकर असणार?" झालं. मी माझ्या कामाची गाडी काढली, मागं दोर आणि ग्रीसचे डबे, पुढं आई चांगली साडी नेसून. आता कळतंय, तो "येऊ नकोस" का म्हणत होता. त्या वेळी मला वाटलं लाजतोय.

भात्या उजेडात आला. चामड्याचा भाता छातीत उघडमीट करत होता, तोंडावर टाके, एक डोळा काचेचा. एक बाई किंचाळली. मला तो दिसतच नव्हता. मला आमची खोली दिसत होती, खिडकीजवळची खाट, पाठीला तीन उशा लावून बसलेला म्हातारा. आडवं झोपणं त्याच्या नशिबातून गेलं होतं. तरुणपणी लढाईच्या दिवसांत दारूगोळ्याच्या कारखान्यात होता, नळकांड्यांत भुकटी भरायचा. तोंडाला फडकं बांधून भरायची, आणि फडकं बांधलं की बिडी ओढता येत नाही म्हणून हे सगळे फडकं गळ्यात ठेवायचे. घरी यायचा तेव्हा भुवया पिवळ्या असायच्या. आम्ही हसायचो. भुकटी छातीत जाऊन बसली आणि तिनं घाई केली नाही, म्हातारपणाची वाट बघितली. म्हातारा तोंडाचा फटकळ, शिव्यांचा कारखाना. शेवटी शेवटी शिवी पुरी करायला दम पुरायचा नाही. पहिलं अक्षर टाकायचा, बाकीची आम्ही समजून घ्यायचो. डॉक्टर आला की मात्र शहाण्या पोरासारखा श्वास घ्यायचा. दवाखान्यात नेला तरी तेच. डॉक्टर म्हणाला, "तुम्ही सांगता तसं मला काही ऐकू येत नाही." मग धाकट्यानं कामावरचं मशीन घरी आणलं. पहाटेची धाप त्यात भरून घ्यायची, म्हणजे डॉक्टरला ऐकवता येईल. त्या मशीनच्या माइकला लोकरीचं टोपरं असतं, ते खाटेच्या कडेला बांधलं. म्हातारा म्हणाला, "हा उंदीर... माझं... काय ऐकणार?" आणि त्याला स्वतःचंच हसू आलं आणि हसण्यात धाप लागली आणि धाकटा म्हणाला, "बाबा, थांबा थांबा, आता हसू नका, बटण दाबतो." असे आम्ही त्या धापेवर हसलोय. डॉक्टरनं ऐकलं, मान हलवली, औषध बदललं. औषधानं जे व्हायचं ते झालं. ते आवाज कुठं गेले, मी कधी विचारलं नाही. केस कापल्यावर केस कुठं जातात, विचारतो का आपण?

पडद्यावर भात्यानं शिपायाची मान धरली. तोंडाशी तोंड आणलं. आता श्वास सगळ्या बाजूंनी येत होता, भिंतींतून, पाठीमागून, खुर्चीतून. म्हाताऱ्याची धाप एवढी मोठी कधीच नव्हती. घरात ती खाटेपुरती असायची, दार लोटलं की स्वयंपाकघरात येत नव्हती. इथं ती खोलीएवढी झाली आणि आम्ही सगळे तिच्या आत बसलो होतो. शिट्टी. थांबणं. पोतं. खट. आणि मग त्या खट्च्या खाली, अगदी तळाशी, मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. बाईचा आवाज. पुटपुट. शब्द लागत नव्हते, पण चाल लागत होती, आणि चाल लागल्यावर शब्द माझे मीच भरले. "झालं, झालं. येतोय, येतोय. सोड आता. सोड." आई. म्हाताऱ्याच्या पाठीवरून तळहात गोल गोल फिरवत बोलायची ती. दर पहाटे तेच. बाळाला ढेकर काढायला बोलतात तसं.

पुढच्या रांगेतला लाह्यावाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "ती कोण रे कुजबुजतेय?"

"चेटकीण असेल," शेजारी म्हणाला. "दाखवतील पुढं. अंगावर काटा आला बघ माझ्या." आणि त्यानं बाही वर करून काटा दाखवला.

मला उठायचं होतं. उठून मागच्या रांगेत जाऊन धाकट्याला कॉलरला धरून बाहेर न्यायचं होतं. पण उठलो असतो तर आईनं विचारलं असतं, कुठं निघालास, आणि माझ्या तोंडावरूनच तिला सगळं कळलं असतं. माझं तोंड म्हणजे काचेची बरणी, बायको म्हणते. म्हणून बसलो. दात दाबून बसलो. डोक्यात एकच, की आता हे लोक पैसे देऊन येणार, गावोगावी येणार, बायका नवऱ्यांना चिकटणार, पोरं शाळेत एकमेकांच्या मानगुटीवर बसून आमच्या म्हाताऱ्याचा श्वास काढून दाखवणार. माणूस गेला तरी त्याचं काहीतरी झाकलेलं असतं. बनियनची भोकं, औषधाच्या बाटल्या, रडणं. ते घरातल्यांनी बघायचं असतं. म्हाताऱ्यानं आयुष्यात कुणापुढं उघड्या अंगानं दार उघडलं नाही, आणि त्याच्याच पोरानं त्याची छाती उघडून पडद्यावर टांगली. विचार करता करता माझी नजर खाली गेली. आईचा उजवा हात तिच्या गुडघ्यावर होता. आणि तो फिरत होता. सावकाश, गोल, गोल.

तिला कळलं होतं. पहिल्या शिट्टीपासून कळलं असणार, बहुतेक माझ्याही आधी. मी हळूच म्हटलं, "आई, जाऊ या?" तिनं पडद्यावरची नजर न काढता दुसऱ्या हातानं माझ्या मांडीवर चापट मारली. गप बस. लहानपणी कीर्तनात मारायची तशी. बाकीचा सिनेमा मी बघितला नाही, तिचा हात बघितला. भात्या पडद्यावर असला की हात फिरायचा, नसला की थांबायचा. शेवटाला शिपायांची तुकडी तळघरात घुसली, डॉक्टर स्वतःच्याच शिवणयंत्रवाल्याच्या तावडीत सापडला, ते लोकांना फार आवडलं. मग भात्या एकटा उरला भिंतीला टेकून, आणि त्या कोवळ्या शिपायानं, त्याच त्या, बंदूक उचलून भात्यावर गोळी घातली. शिट्टी अर्ध्यात तुटली. एकदम चिडीचूप. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईचा हात गुडघ्यावर जिथं होता तिथंच थांबला, तळवा वर करून.

दिवे लागले. दिग्दर्शक खुशीत होता, केस विस्कटलेले, सगळ्यांचे हात हातात घेत फिरत होता. आमच्यापाशी येऊन म्हणाला, "काकू, घाबरलात का? आज झोप येईल ना?"

"जेवण झालं की येते," आई म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. "तुमच्या पोरानं काय आवाज शोधलाय हो! आणि ती मागची कुजबुज! हा काढून टाकणार होता, म्हणे चुकून राहिलीय. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. अर्धी भीती त्या कुजबुजीत आहे. कुठून आणलीस विचारलं तर सांगत नाही लेकाचा." धाकटा त्याच्या मागं उभा होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता. गळ्यात त्याची ती नेहमीची मशीनची पिशवी.

आईला म्हटलं, तू गाडीत बस, याला जरा विचारायचंय. मागच्या बाजूला मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेलं अंगण होतं, भर ऊन. मी त्याला तिथं नेला. वाटेत ठरवलं होतं दोन लगावायच्या. पण उन्हात त्याचं तोंड बघितलं तर म्हाताऱ्याचंच नाक. हात उचलेना.

"काढ," मी म्हटलं.

"दादा, ऐक तर..."

"काय ऐकू? ऐकवलंस की पोटभर. काढून टाक."

"काढता येईल," तो म्हणाला. "उद्या सकाळी आवाजावर शेवटचा हात फिरतो. त्यानंतर नाही काढता येणार. आज सांग, काढतो."

"मग सांगतोच आहे."

तो खाली बघत बोलायला लागला. तीन नट आणले होते म्हणाला, श्वासासाठी. एक जण करता करता ओकला. खरा भाता आणला, म्हैस आणली, दोन्हीचे आवाज मिसळले, सगळं खोटं वाटत होतं. दिग्दर्शक म्हणाला, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. "एके दिवशी नुसतं लावून बघितलं रे. भात्याच्या तोंडावर बाबांचा श्वास. आणि त्या रबरी मुंडक्यात एकदम कुणीतरी आलं. मी खुर्चीवरून उठलो. दार लावून घेतलं."

"आणि मग बापाला राक्षस केलास."

"मी केलं? त्यांच्या छातीत भुकटी मी भरली? ज्यांनी..."

"भाषण नको. चेटकीण म्हणतायत आईला आत. ऐकलंस?"

त्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "दादा, चार महिने मी रोज कामावर जातो तेव्हा बाबा तिथं असतात. सकाळी बटण दाबलं की असतात. तुझं काय, तू खांदा दिलास, घरी आलास, तुझं संपलं. माझं रोज..." मी त्याच्यापुढं उभा, हाताच्या मुठी तशाच, आणि मला एवढंच कळत होतं की मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला होता. की म्हातारा त्याच्याकडे होता आणि त्यानं मला सांगितलं नाही.

गाडीत आई पुढच्या सीटवर बसली होती, दार उघडं टाकून, पदरानं वारा घेत. "भांडून झालं?" तिनं विचारलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी उभे, शाळेतून पकडून आणल्यासारखे.

"आई, चुकलं माझं," धाकटा म्हणाला. "उद्या काढून टाकतो सगळं."

"तुला राग नाही आला?" मी तिला विचारलं.

"आला ना," ती म्हणाली. "त्या शिपायाचा आला. समोर एवढा दमलेला माणूस, त्याला पाठीला काही टेकायला द्यावं, तर हा मेला किंचाळतोय." मग धाकट्याकडे वळली. "आणि तुझा शेवट चुकलाय."

"कुठला शेवट?"

"गोळी लागली आणि दिवा मालवल्यासारखा गप्प. असा नाही गेला तो."

रस्त्यानं एक हातगाडी गेली. म्हातारा गेला त्या सकाळी मी ऑक्सिजनचा सिलेंडर बदलून आणायला गेलो होतो, धाकटा कामावर. आलो तोवर सगळं आवरलं होतं, डोळे मिटलेले, चादर नीट. किती वाजता गेले, हे सगळ्यांनी विचारलं. डॉक्टरनं विचारलं, मी विचारलं, पाहुण्यांनी विचारलं. कसे गेले, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मलाही ते त्या क्षणाला, गाडीच्या तापलेल्या दारावर हात ठेवून उभा असताना कळलं, आणि हात भाजतोय हे त्याच्यानंतर कळलं.

"मला येतो त्याचा श्वास," आई म्हणाली. "इतकी वर्षं कानाशी होता. करून दाखवते. लाव तुझं मशीन."

"आई, नको," मी म्हटलं.

"तू गप. तो ठेवायचा की काढायचा ते मी सांगेन. माझा माणूस आहे. ठेवायचा. पण अर्धा नाही ठेवायचा." आणि धाकट्याला, "बघत काय बसलास? काढ तो उंदीर बाहेर."

धाकट्याचा हात पिशवीच्या चेनीवर गेला होता, आधीच, तिच्या बोलण्याच्याही आधी. मी तो हात बघितला. धरता आला असता. त्यानं माझ्याकडे बघितलं, लहानपणी पतंग मागताना बघायचा तसं, आणि मी मागचं दार उघडून आत बसलो, दोरांच्या वेटोळ्यांवर. तो पुढं, स्टिअरिंगच्या मागं. "काचा वर करा," तो म्हणाला, त्याच्या कामाच्या आवाजात, जो मी कधी ऐकला नव्हता. "गाडीत आवाज चांगला येतो. दादा, हलू नकोस, तुझ्या खालचे हुक वाजतात." काचा वर गेल्या. हातगाडी, माणसं, सगळं बाहेर राहिलं. ग्रीसचा वास आणि आईच्या केसांचा वास. त्यानं लोकरीचा गोळा तिच्या हनुवटीखाली धरला. तो हात दुसऱ्या हातानं धरला. मशीनवर लाल ठिपका लागला.

आईनं डोळे मिटले. मान थोडी मागं गेली, खांदे वर आले, आणि तिच्या त्या एवढ्याशा छातीतून म्हातारा निघाला. शिट्टी, पण वरची धार गेलेली. थांबणं. घरघर आता ओढत नव्हती, उतरत होती, ओझं खाली ठेवत ठेवत. टिचकी आली नाही. पुन्हा शिट्टी, नुसती हवा. मग एक अक्षर, "अ", पुढचं न आलेलं, तिच्या नावानं त्यानं कधी हाक मारली नाही, अगं म्हणायचा, त्यातलं पहिलं. मग थांबणं.

थांबणं लांबत गेलं. तिच्या तोंडावर काही नव्हतं. धाकट्याच्या गालावरून पाणी चाललं होतं पण माइक हलला नाही. आई, श्वास घे, असं मला ओरडायचं होतं, सगळं अंग ओरडत होतं. ओरडलो नाही. लाल ठिपका चालू होता, आणि म्हाताऱ्याच्या शेवटच्या त्या शांततेत माझा श्वास येऊ नये म्हणून मी तो छातीत धरून बसलो होतो.